आल्प्समध्ये पहिल्यांदाच सायकली नेताय? आधी गिअर बघा

बेत झकास आहे, नक्की जा. फक्त नकाशावरचे किलोमीटर मोजत बसू नका, चढाईचे मीटर मोजा. फ्रान्समधल्या वालोआर गावापासून गालिबिए घाटाचा माथा (2642 मीटर) जेमतेम 18 किलोमीटर, पण चढ बाराशे मीटरच्या वर! सामान लादून चढायचं तर मागची मोठी चकती 34 दात्यांची तरी हवीच. रेसिंगचे गिअर घेऊन आलेले भलेभले तिथे सायकल ढकलताना दिसतात.

बाकी सुरुवातीला एवढं पुरे:

- सायकलवर घालायचे कपडे दोनच जोड. रोज रात्री धुवायचे.
- चढावर ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावं. म्हणूनच पंक्चरचं सामान प्रत्येकाकडे हवं. एकाकडेच दिलं की नेमका तोच दोन वळणं पुढे गेलेला असतो.
- उतारावर जुलैतही बोटं बधिर होतात. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नकोत. ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दाबा, मग सोडा.
- लहान गावांतली दुकानं दुपारी बंद असतात, रविवारी तर बऱ्याचदा अर्धा दिवसच. पाव-चीज सकाळीच घ्या.

जूनमध्ये निघत असाल तर बर्फ हटवून घाट उघडलाय का, ते तिकिटं काढण्याआधी बघा.