मेथोट्रेक्सेट सुरू झाली? मग रक्ततपासणीचं असं ठेवा

ताई, संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी नवीन आहे तोवर तपासणी चुकवू नका. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). पुढचे तीन महिने आठ ते बारा आठवड्यांनी, नंतर सगळं स्थिर असेल तर तीन महिन्यांतून एकदा. डोस वाढवला की परत लवकर-लवकर. संधिवाताच्याच लेफ्लुनोमाइड या दुसऱ्या गोळीलाही साधारण हेच. फक्त हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही तिसरी गोळी असेल तर डोळ्यांची तपासणी जास्त महत्त्वाची.

रक्त गोळीच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका. तेव्हा एसजीपीटी तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि जीव उगाच टांगणीला लागतो. पुढची गोळी घ्यायच्या एक-दोन दिवस आधी द्या. शक्यतो लॅब एकच ठेवा, धंतोलीतली असो की घराजवळची, म्हणजे आकडे ताडून पाहता येतात. रिपोर्ट वहीत तारखेनं चिकटवा.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात मात्र मी जास्त जपायला सांगेन. ही गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते. ऊन लागलं, उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी पडलं की ती अंगात साचते. अशा वेळी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वर मनानं पेनकिलर तर नकोच. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी सेप्ट्रान (जंतुसंसर्गावरची अँटिबायोटिक गोळी) लिहून दिली तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं तिथेच सांगा. दोन्ही मिळून रक्तपेशी धोकादायक पातळीवर उतरू शकतात.

आणि गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.