फायब्रोस्कॅनमध्ये ११.४, एमआरमध्ये ३.८ : लिव्हर सुधारलं का?

ताई, तुमच्या भावाला पीएससी आहे, म्हणजे पित्तनलिकांना सूज येऊन त्या अरुंद होत जाण्याचा आजार. लिव्हर किती कडक आहे हे मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनवर आधी ११.४ किलोपास्कल (कडकपणाचं एकक) आलं होतं, आता तेच एमआरआय मशीनवर मोजणाऱ्या एमआर इलास्टोग्राफीत ३.८. घरचे पेढे वाटायच्या बेतात आहेत, तुम्हाला मात्र शंका येतेय. ती रास्त आहे. या दोन आकड्यांची वजाबाकी करायचीच नसते.

एकक एकच असलं तरी दोन मशीन वेगळ्या गोष्टी मोजतात. दोन्ही मशीन लिव्हरला कंपनं देऊन कडकपणा मोजतात, पण फायब्रोस्कॅनचा आकडा यंगच्या मापांकाचा, एमआरचा शिअर मापांकाचा (कडकपणा मोजायच्या या दोन वेगळ्या पद्धती), आणि पहिला दुसऱ्याच्या साधारण तिप्पट भरतो. म्हणजे ११.४ आणि ३.८ जवळपास एकच झाले! हिशेब ढोबळ आहे, कारण कंपनांची वारंवारताही वेगळी असते, तेव्हा घरी तीनने भागून निष्कर्ष काढू नका. पीएससीमध्ये फायब्रोस्कॅनवर सिऱ्हॉसिसची (व्रणांनी लिव्हर आक्रसून कडक होण्याची) रेषा १४.४ च्या आसपास धरतात. एमआरवर ४.५ च्या खाली पुढे लिव्हर निकामी होण्याचा धोका कमी आणि ६ च्या वर बराच जास्त मानतात.

आता माझा प्रश्न. फायब्रोस्कॅन केलं तेव्हा भावाला कावीळ होती का? ताप, थंडी? पित्त तुंबलं की आतला दाब वाढतो आणि व्रण नसतानाही लिव्हर कडक लागतं. स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून पित्त मोकळं केल्यावर काही दिवसांत आकडा उतरलेला अभ्यासांत दिसला आहे. म्हणून त्या आठवड्यातल्या रक्ततपासणीतलं बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबलं की वाढणारे आकडे) शोधून काढा. त्यांच्याशिवाय ११.४ चा अर्थ लागणार नाही.

फायब्रोस्कॅनच्या रिपोर्टवर मीडियनशेजारी (सगळ्या मोजण्यांतला मधला आकडा) आयक्यूआर, म्हणजे मोजण्या एकमेकींपासून किती विखुरल्या ते, छापलेलं असतं, तेही बघा. उजवा हात डोक्यामागे घेऊन झोपवतात, फासळ्यांमध्ये प्रोब टेकवून टकटक ठोके देतात, असे निदान १० वैध ठोके हवेत. आयक्यूआर मीडियनच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. आधी किमान तीन तास उपाशी राहायला हवं, आणि हे पुष्कळ ठिकाणी सांगतच नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

शिवाय प्रोब बघतो तो जेमतेम १ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर लांब भाग. पीएससी लिव्हरभर सारखा पसरत नाही, एका भागात जास्त, दुसऱ्यात कमी. एमआर बराच मोठा भाग बघतं, म्हणून परवडत असेल तर पीएससीत माझं मत एमआरलाच. लिव्हरमध्ये लोह साठलेलं असेल तर मात्र तेही फसू शकतं. पीबीसी (लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांचा वेगळा आजार) असलेल्यांसाठी फायब्रोस्कॅन पुरतं, तिथे ९.६ च्या वर गेल्यास डॉक्टर जास्त सावध होतात.

पुढच्या वेळी तेच मशीन, उपाशीपोटी, कावीळ नसताना. आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआयही त्याच बैठकीत करून घ्या, कारण नलिका कुठे अरुंद झाली आहे किंवा गाठ आहे का, हे कडकपणाच्या आकड्यातून कळत नाही. दरम्यान थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.