सोलापुरी चादरीवर प्रकल्प करताय? आधी मागापाशी उभे राहा

चादरीपासून जॅकेटं करायचीत, पण 'चिकित्सक दृष्टी दिसत नाही' असा शेरा आलाय, तर नेमकं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

प्रस्तावनेतलं 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' आधी तपासा. जेकार्ड, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारं मागावरचं यंत्र, फ्रान्समधलं, 1804 च्या सुमारासचं. सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर तेलंगणाकडून आलेले. चादर आज यंत्रमागावर निघते. स्थलांतर आणि यंत्र वगळलंत, तर विणकर नुसता शोभेला उरतो.

मग नक्षी कोण ठरवतं ते बघा. कार्डांच्या जेकार्डात एका आडव्या धाग्याला एक कार्ड. इंचाला 40 आडवे धागे आणि नक्षी 10 इंचांची धरली, तर 400 कार्डं. 'मोराची मान जरा वळवा' म्हटलं की त्यातली कितीतरी नव्याने पाडावी लागतात. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा रंग बदलायचा तर बीमच (ताणा गुंडाळलेला रूळ) नवा, शिवाय एकेक धागा जोडत बसायचं. म्हणून पाच मीटरच्या नमुन्याला मालक नाही म्हणतात, त्यात आडमुठेपणा नसतो. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा रंग मात्र सुताची कांडी बदलली की बदलतो. प्रयोग तिथे करा.

कापड हातात आलं की 10 बाय 10 सेंमीचा तुकडा वजन करा. ग्रॅम गुणिले 100, हे चौरस मीटरचं वजन. 50 सेंमीवर खूण करून धुवा. 48 भरलं तर आटणं 4 टक्के, तेवढं पॅटर्नमध्ये धरा. कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक करा, नाहीतर धागे सुटत जातात. काखेत शिवणी एकमेकींवर येतात तिथे बारीक सुई मोडते. 100 किंवा 110 नंबरची घ्या, टाका साडेतीन मिमी ठेवा, शिवण दुमडण्याऐवजी पट्टी लावा. कातरण फेकू नका, वजन करून नोंदवा.

मुलाखती फक्त मालकांच्या नकोत. कार्ड पाडणारे, कांड्या भरणाऱ्या आणि कडा शिवणाऱ्या बायका, सगळ्यांशी बोला. तेलुगू येणारं कुणीतरी सोबत असू द्या. मालक शेजारी उभा असला की मजुरीचं उत्तर बदलतं. आणि नगावर मजुरी घेणाऱ्याचा माग तुमच्या प्रश्नांसाठी थांबला, तर त्याची कमाईही थांबते. त्या वेळेचे पैसे द्या. नाव छापायचं का, हे त्यालाच विचारा.

भौगोलिक मानांकन चादरीला आहे. जॅकेटावर तो शिक्का मारू नका.

शेवटी जॅकेटाच्या किमतीचा तक्ता जोडा: सूत, विणाई, शिलाई, तुमचं डिझाइन, दुकानदार, कुणाला किती. विणाईचा आकडा सगळ्यात लहान आला तरी तसाच छापा आणि तो का लहान, यावर एक पूर्ण प्रकरण लिहा.