बंद राइड्सचे पैसे मागता येतात

प्रश्न : आम्ही गुहागरचे. मे महिन्यात घरची सहा माणसं एका मोठ्या थीम पार्कला गेलो. तिकिटं ऑनलाइन काढली, माणशी 1,600 रुपये. पैसे भरताना वर 'सुविधा शुल्क' लागलं. आत गेल्यावर कळलं की जाहिरातीतली सर्वांत मोठी राइड आणि आणखी दोन दुरुस्तीसाठी बंद आहेत. घावण्यांचा डबा गेटवरच ठेवून घेतला. 20 रुपयांची पाण्याची बाटली आत 50 ला. पैसे परत मागितले तर तिकिटावरची 'परतावा नाही' ही ओळ दाखवली. काही वर्षांपूर्वी हेच तिकीट निम्मं होतं. याला कायद्यात काही उत्तर आहे का?

उत्तर : ताई, तिकीट दुप्पट झालं हा मुद्दा आधी सोडून द्या. खासगी पार्कने प्रवेशाचे किती पैसे घ्यावेत, यावर कायद्याची मर्यादा नाही. जानेवारी 2018 मध्ये अशा पार्कांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तरी मूळ दर मालकच ठरवतो. 'फार महाग पडलं' एवढ्यावर ग्राहक तक्रार निवारण आयोग काही देणार नाही.

डब्याचंही कठीण आहे. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांना बाहेरचे पदार्थ रोखण्याची मुभा दिली. पार्कचा वकील त्याचाच आधार घेईल. लहान मुलं घेऊन पहाटेच्या एसटीने निघालेल्या घराला दिवसभर विकतचं खायला लावणं मला अन्यायाचंच वाटतं. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत हवं, असंही आहे. तुम्हाला ते आत कुठे मिळालं का? नसेल तर तक्रारीत जरूर लिहा.

तुमची खरी बाजू आहे ती बंद राइड्सची. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी आहे. दुरुस्ती करणं गुन्हा नाही, उलट सुरक्षेसाठी ती हवीच. पण राइड बंद आहे हे ठाऊक असताना तिचाच फोटो दाखवून पूर्ण दराने तिकीट विकलं, तर ते ग्राहकाला अंधारात ठेवणं झालं. ती बंद असल्याचं तिकीट काढायच्या आधी तुम्हाला कुठे दिसलं होतं का, यावर सगळं प्रकरण उभं आहे. संकेतस्थळावर ठळक सूचना असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. आणि दिवसभर बाकीच्या राइड्सचा आनंद घेतला असेल तर पूर्ण रक्कम परत मिळेल, अशी आशा धरू नका. त्या राइड्सच्या प्रमाणात परतावा, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा.

'परतावा नाही' या ओळीला घाबरू नका. सेवा सदोष असूनही पैसे परत न करणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सुविधा शुल्कही तक्रारीत घाला. किंमत आधी कमी दाखवून शेवटी वाढवण्याला केंद्राच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.

बाटलीचं मात्र ती कुठे घेतली त्यावर आहे. हॉटेल-रेस्टॉरंटला बसण्याची सोय, वाढप यांमुळे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं. नुसत्या खिडकीवरून हातात दिलेल्या बाटलीला ही सवलत लागू होऊ नये, असं माझं मत आहे. बिल असेल तर वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे, म्हणजे वजन-मापं आणि छापील किंमत तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करा.

आधी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला कळवा आणि पार्कला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवून 15 दिवस द्या. उत्तर आलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात जा. पार्क दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं; कलम 34 प्रमाणे राहत्या ठिकाणी तक्रार करता येते. सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत 2 वर्षांची आहे, पण पुरावा तेवढा थांबत नाही. नोटीस टाकण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावरच्या त्या राइडच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि बंद राइडवरच्या पाटीचा फोटो घरात कोणाच्या मोबाइलमध्ये आहे का, तेही आजच शोधा.