एचआयव्हीच्या गोळ्या चालू असताना पांढरी कावीळ (हिपॅटायटिस बी) निघाली, तर आधी कोणतं औषध थांबवायचं?

काहीच थांबवायचं नाही. तुमच्या दाजींची एआरटीची, म्हणजे एचआयव्हीची गोळी आज रात्रीसुद्धा चुकता कामा नये. घरचे म्हणतात "आधी कावीळ उतरू द्या, मग त्या गोळ्यांचं बघू", असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच आमच्या घरात बोललं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझा धाकटा भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. आमच्या विट्याकडची पोरं देशभर जातात, तसा तोही परराज्यात. एचआयव्ही निघाला तेव्हा तिथल्याच सरकारी सेंटरवर हिपॅटायटिस बी पण पॉझिटिव्ह आला. काउन्सेलरनी नीट समजावलं होतं, की रोजच्या टीएलडी गोळीत तीन औषधं असतात. त्यातली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही विषाणूंवर चालतात, वेगळं काही घ्यायला नको. त्याची तब्येतही छान होती.

मग तो यात्रेला गावी आला आणि मामाच्या कानावर पांढरी कावीळ गेली. मामा त्याला काविळीचं औषध देणाऱ्याकडे घेऊन गेला. उपाशीपोटी पाल्याचा रस, तेल-तिखट बंद, आणि औषध संपेपर्यंत इंग्रजी गोळ्याही बंद. मी भांडले. "तू काय डॉक्टरीण लागून गेलीस का?" असं मामानं सगळ्यांसमोर ऐकवलं. मी सासरी परतले आणि पोरानं थोरल्यांचं ऐकलं. काही आठवड्यांनी आईचा फोन आला, तेव्हा त्याचे डोळे पिवळेजर्द झाले होते, पोटात पाणी ठरत नव्हतं आणि तो झोपेत बरळत होता. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी हजाराच्या वर गेलेलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

बीचा विषाणू या गोळ्यांनी मरत नाही, नुसता दबून राहतो. लिव्हरच्या पेशीत त्याचं बीज शिल्लक असतंच. गोळी काढली की तो उसळतो, आणि त्या उसळीत लिव्हर निकामी होऊन माणूस जाऊ शकतो. माझा भाऊ वाचला, कारण त्याच्या गोळ्या लगेच पुन्हा सुरू केल्या. मामा आजही म्हणतो, गोळ्यांच्या उष्णतेनं झालं, त्या माणसाच्या औषधानं तर शेकडो लोक बरे होतात. होतात ना! दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते, आणि नाव पाल्याचं होतं. बी रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला येतो. मोठेपणी झाला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलतं, पण एचआयव्ही असलेल्यांच्यात तो मुक्काम ठोकण्याची शक्यता जास्त असते. काविळीचं नाव एक असलं तरी आजार वेगळे आहेत, हे मामाला एकदा तरी कबूल करायला लावायचं आहे मला.

दाजींची गोळी खरंच टेनोफोव्हिरची आहे ना, ते मात्र बघा. कुणाकुणाला किडनीमुळे त्याऐवजी अबाकाव्हिर देतात, आणि मग बीवर एकटं लॅमिव्हुडिन उरतं. ते एकटं काही वर्षांत निकामी होतं. टेनोफोव्हिर किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून क्रिएटिनिन तपासत राहायचं, आणि बदलायचंच झालं तर सेंटरच्या डॉक्टरांनीच बदलायचं. पुढेमागे कुणी दोनच औषधांची गोळी किंवा कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिनचं इंजेक्शन सुचवलं, तर आधी बीचं सांगायचं, त्यात बी मोकाट सुटतो. हिपॅटायटिस सीची तपासणीही करून घ्या. तो निघाला तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात २०१८ पासून ही औषधं मोफत आहेत.

खाण्याचं विचारलंत. घरचं साधं जेवण, दारूचा थेंबही नको. एवढंच.

आणि ताईंची बीची तपासणी याच आठवड्यात करा. निगेटिव्ह असतील तर लस घ्यायला लावा, तीन डोस, पहिल्यानंतर एक आणि सहा महिन्यांनी. सासरच्यांना एचआयव्हीचं सांगायची सक्ती दाजींवर कुणी करू शकत नाही, २०१७ चा कायदा आहे तसा. गोळी कशाची म्हणून कुणी विचारलंच, तर लिव्हरची आहे म्हणून सांगा. ते खोटंही नाही.