वाचकांचे प्रश्न: नाव खरे, पण त्या काळाचे का?

प्रश्न : १४व्या-१५व्या शतकातल्या आफ्रिकेवर कादंबरी लिहीत आहे. स्त्री पात्रांसाठी बाळांच्या नावांच्या यादीतून ‘निआ’ निवडले आहे. चालेल का?

उत्तर : नाही. ‘निआ’ म्हणजे स्वाहिलीत हेतू. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या क्वान्झा उत्सवाच्या सात तत्त्वांपैकी ते एक, आणि मुलीचे नाव म्हणून त्याचा बोलबाला त्यानंतरचा. अशा याद्यांत अर्थ दिलेला असतो, काळ नसतो. शिवाय ‘आफ्रिकी नाव’ असे काही नसतेच. आधी राज्य आणि दशक ठरवा, मग त्या दशकाच्या जवळची लेखी नोंद शोधा.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा दरबार हवा असेल, तर प्रवासी इब्न बतूता १३५२-५३ मध्ये तिथे होता. तिथला राजा मन्सा सुलेमान याच्या दोन बायका तो सांगतो : कासा आणि बंजू. कादंबरीकार हमखास फसतो तो इथेच. ‘कासा’चा अर्थ राणी, असे इब्न बतूता स्वतःच लिहून ठेवतो. ते पद आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलीला ते देता येणार नाही. उत्तर आफ्रिकेतल्या ‘काहिना’चेही तेच, तो भविष्य सांगणारीचा किताब. नाव म्हणून बंजू घ्या. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून निरनिराळ्या भाषांतरांत स्पेलिंग वेगळे दिसेल. एक रूप धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

इथिओपियात सामग्री जास्त आहे. एलेनी (मृत्यू १५२२) ही हदिया राज्याच्या मुस्लिम राजघराण्यातली. ख्रिस्ती राणी झाल्यावरचे हे नाव. मस्कल केब्रा ही (तुमच्या काळाआधीच्या) राजा लालिबेलाची राणी, इग्झी केब्रा ही राजा झरा याकोबची आई. ही जोडनावे आहेत, ती तोडायची नाहीत. ‘वलता पेट्रोस’ म्हणजे पीटरची कन्या. नुसते ‘वलता’ लिहिले तर ‘अमक्याची कन्या’ एवढेच उरते आणि ‘पेट्रोस’ म्हटले तर बाई पुरुष होते. (ही संत १५९२ ते १६४२ मधली, तुमच्या काळासाठी साचा घ्या, व्यक्ती नको.) आडनाव कुणालाच लावू नका.

प्रश्न : त्याच कादंबरीत १३८० च्या पॅरिसमध्ये एक रोमानी (म्हणजे जिप्सी) नर्तकी आहे. नाव ‘एस्मेराल्डा’ ठेवू का?

उत्तर : नावाआधी सालच बदलावे लागेल. पॅरिसच्या नोंदीत रोमानी लोक पहिल्यांदा दिसतात ते ऑगस्ट १४२७ मध्ये. आणि एस्मेराल्डा ही १८३१ च्या फ्रेंच कादंबरीतली नायिका.

त्या काळच्या नोंदींत नावे मुख्यतः पुरुषांची, तीही म्होरक्यांची. स्त्रीचे एक पक्के उदाहरण स्पेनमधले : १४७० साली आन्दुहारला आलेल्या, ‘काउंट’ म्हणवणाऱ्या रोमानी म्होरक्या याकोबोची पत्नी लुइसा. म्हणजे बाहेरच्यांना सांगायचे नाव त्या मुलखातले ख्रिस्ती. आपसात वेगळे नाव वापरण्याची रोमानी रीत नंतरच्या काळात चांगली नोंदली गेली आहे. (रोमानीत नावाला ‘नाव’च म्हणतात!) घरच्या नावासाठी ‘लुलुदी’, म्हणजे फूल, शोभेल. शब्द ग्रीकमधून आलेला, म्हणून पश्चिम युरोपात येण्याआधीच्या, ग्रीकभाषी बायझंटाइन साम्राज्यातल्या रोमानी मुक्कामाशी जुळतो. मात्र १५व्या शतकातली कुणी लुलुदी दाखवून देता येत नाही, तेव्हा प्रस्तावनेत ‘हे नाव कल्पित’ असे लिहा. इंग्लंडमधल्या जिप्सी नावांच्या याद्या बाजूला ठेवा. त्यातली बहुतेक नावे १८व्या-१९व्या शतकातली आहेत.