क्युप्रोप्टोसिसवरून कॅन्सर पेशंटचं पुढे काय होणार ते कळतं का?

आज तरी नाही. तांब्याने पेशी मरण्याचा हा प्रकार 2022 साली 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आला. एफडीएक्स1 या प्रथिनामुळे तांबं पेशीत जास्त घातक रूपात येतं, मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) डीएलएटीसारख्या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पेशी मरते. हे पक्कं आहे. पुढचे 'प्रोग्नोसिस स्कोअर'वाले, म्हणजे पेशंटचं पुढे काय होणार ते आकड्यात सांगणारे, ढीगभर पेपर बहुतेक टीसीजीए या कॅन्सर-जनुकांच्या सार्वजनिक संग्रहातला जुनाच डेटा चाळून केलेले. जनुकं निवडायची, पेशंटचे दोन गट पाडायचे, आलेख काढायचा.

मला खरा राग येतो तो माझ्या थोरल्या काकांचा. सोलापुरात लॅबमध्ये माझी उमर गेली, पण घरात ऐकतंय कोण! आईला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा काकांनी मधल्या मारुतीच्या बाजारातून तांब्याचा जड तांब्या आणला. "तांबं कॅन्सर मारतं, अमेरिकेत सिद्ध झालंय." केमोने आईच्या तोंडाला आधीच लोखंडासारखी चव, त्यात हे पाणी. घोट घ्यायची आणि काकांची पाठ वळली की तुळशीत ओतायची. मग मला न विचारता त्यांनी तिचं सिरम कॉपर, म्हणजे रक्तातल्या तांब्याची तपासणी, करून आणलं. आकड्यापुढे ठळक 'एच', म्हणजे हाय. लगेच सगळ्या नातेवाइकांना फोन, "तांबं चढलंय, रोग पसरला." अहो, तुमच्याच हिशेबाने मग पेढे वाटायला हवे होते की!

रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला बांधलेलं असतं. अंगात सूज असली की ते वाढतं, गरोदर बाईचंही वाढतं. गाठीतल्या पेशी कशाने मरतात याच्याशी त्या 'एच'चा संबंध नाही. आणि प्यायलेलं जादा तांबं यकृत पित्तातून बाहेर काढतं, गाठीपर्यंत नेऊन देत नाही. पेशीत तांबं घुसवणारं इलेस्क्लोमोल नावाचं औषध होतं. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवरची त्याची मोठी चाचणी 2009 मध्ये थांबवावी लागली. ज्यांचं एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) नॉर्मल होतं त्यांच्यात थोडा फायदा दिसला, म्हणजे विषय मेलेला नाही. पण तिथे औषधाने जमलं नाही, ते काका तांब्याने करणार!

तांब्यातलं साधं पाणी निरोग्याने खुशाल प्यावं. लिंबू-ताक मात्र त्यात ठेवू नका. विल्सन्स डिसीज (अंगात तांबं साठत जाण्याचा आजार) असेल तर तांब्याचं भांडंच नको.

तुम्ही प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर स्कोअर वेगळ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर तपासलाय का, ते आधी बघा. घरच्या पेशंटसाठी विचारत असाल तर स्टेज, ग्रेड, ईआर-पीआर-हर2 (गाठीच्या पेशींतल्या रिसेप्टरच्या तपासण्या) असले रिपोर्ट घेऊन ऑन्कॉलॉजिस्टसमोर बसा, आणि सिरम कॉपरचा कागद नाचवणाऱ्याला सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, किती होतं ते विचारा. आमच्या काकांनी ते केलंच नव्हतं.